वचन मिळाले, पण सातबारा पाहिला का?

प्रिय ताई,

शरणपूरहून आलेले आपले पत्र मी दोनदा वाचले. परिचारिकेच्या नोकरीतून 60 व्या वर्षी निवृत्त होताना भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून 26 लाख रुपये आपल्या हाती आले. त्यातले 18 लाख आडगाव शिवारातील दोन गुंठ्यांत घालावेत, असे प्रार्थना गटातील एका बंधूंचे म्हणणे आहे आणि इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, येत्या रविवारी द्यायचा आहे. तीन दिवस उपास-प्रार्थना करून आपण पवित्र शास्त्र उघडले, तेव्हा यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32 वा अध्याय, म्हणजे शेत विकत घेण्याचाच प्रसंग, समोर आला. हा देवाचा होकार समजावा का, असे आपण विचारता.

देव आपल्याशी काय बोलला हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. मीही ख्रिस्ती आहे आणि प्रार्थनेशिवाय कोणालाही सल्ला देत नाही. परंतु तो अध्याय पुढे वाचावा, अशी विनंती आहे. चुलतभाऊ हनामेल शेत विकायला येणार हे यिर्मयाला आधी सांगितले गेले होते आणि तो खरोखर आला तेव्हा हे प्रभूचेच वचन अशी त्याची खात्री पटली. तरीही त्याने 17 शेकेल वजनाची चांदी तराजूत तोलून दिली, खरेदीखतावर सही करून मोहोर लावली, साक्षीदार घेतले आणि मोहोरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्याकडून मातीच्या भांड्यात ठेवविल्या, जेणेकरून त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात. प्रत्यक्ष वचन मिळालेल्या माणसाने कागदाचे एकही काम सोडले नाही. शिवाय ते शेत त्याने उत्पन्नासाठी घेतले नव्हते. वेढा पडलेल्या यरुशलेमेत लोक पुन्हा घरे-शेते घेतील, याची ती खूण होती. आपल्याला मात्र दर महिन्याला किराणा आणि रक्तदाबाची औषधे घ्यायची आहेत.

आता आपण पाठवलेला सातबारा. त्यावर सात खातेदारांची नावे आहेत आणि सही करायला दोघेच तयार आहेत. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे. जमीन बिनशेती (शेतीखेरीज वापरासाठी मोकळी) झाल्याचा आदेश जोडलेला नाही. अशा जमिनीवर नुसत्या साठेखताच्या, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या कराराच्या, भरवशावर 18 लाख देणे मला धोक्याचे वाटते. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे भाव वाढतील, असे ते म्हणतात. वाढतीलही, पण वाढलेला भाव खरेदीखत ज्याच्या नावावर आहे त्याला मिळतो.

कागद स्वच्छ निघाले तरी माझे उत्तर नकारार्थीच राहील, कारण आपला खर्च महिन्याला 18,000 आणि निवृत्तिवेतन 3,200 आहे. अडीअडचणीसाठी 2 लाख बँकेत ठेवून उरलेले 24 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवल्यास सध्याच्या 8.2 टक्के दराने तिमाहीला 49,200, म्हणजे महिन्याला 16,400 रुपये येतील आणि खाते उघडतानाचा दर पाच वर्षे बदलणार नाही. प्लॉट घेतल्यास त्याच योजनेत 6 लाख उरतील, त्यांचे महिन्याला 4,100 येतील, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी वेगळी भरावी लागेल. मग दरमहा 10,700 रुपये कोठून आणायचे?

पुष्कळ सल्लागार असले म्हणजे बेत सिद्धीस जातात, असे नीतिसूत्रांत आहे. म्हणून या व्यवहारात ज्यांचा काहीच लाभ नाही अशा दोघांना, आपल्या पाळकांना आणि एका वकिलांना, रविवारपूर्वी हे कागद दाखवा. बंधूंना तीन गोष्टी लेखी मागा: सातही खातेदारांची संमती, बोजा उतरल्याचा फेरफार (महसुली नोंद) आणि बिनशेती आदेश. हे मागताना संकोच वाटेल, हे मी जाणतो. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या माणसाला कागद मागणे जड जाते. त्यांनी थांबायला नकार दिला, तर तेही मला कळवा. इसार मात्र देऊ नका.