फिल्टर काढून टाकावा का?

प्रश्न : माझ्या डिझेल गाडीतील पार्टिक्युलेट फिल्टरचा (धुरातील काजळीचे कण अडवणाऱ्या गाळणीचा) दिवा वारंवार लागतो. मेकॅनिक फिल्टरच काढून टाकण्याचा सल्ला देतो. तो मानावा का?

उत्तर : मुळीच मानू नये. फिल्टरच्या सच्छिद्र भिंतींत अडकलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जळून जाते. मात्र रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचाच असेल, तर एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही आणि ही प्रक्रिया अर्धवट राहते. काजळी जाळण्यासाठी इंजिनात सोडले जाणारे जादा डिझेल काही गाड्यांत इंजिन ऑइलमध्ये उतरते, म्हणून डिपस्टिकवर (ऑइल मोजण्याच्या पट्टीवर) पातळी वाढलेली दिसल्यास ऑइल त्वरित बदलावे. दिवा लागताच मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटे एकसमान वेगाने गाडी चालवावी. वाहनांच्या धुराबाबतचे युरोपचे युरो ६ मानक कणांचे वजनच नव्हे, तर संख्याही मोजते, आणि फुप्फुसांत खोलवर शिरणारे हे अतिसूक्ष्म कण फिल्टरविना रोखले जात नाहीत.