वाळूमाशीकडून निदान शिकताना

बघ गा, हॅमस्टरमधला काळा आजार (कालाझार, लेशमानिया या परजीवीचा रोग) तो पसरवणाऱ्या वाळूमाशीकडून, म्हणजे एका बारीक रक्तपिपासू माशीकडून, ओळखायला तू शिकतोयस, याचा मला मनापासून आनंद आहे. या पद्धतीला झेनोडायग्नोसिस म्हणतात. 1914 मध्ये फ्रेंच परजीवीतज्ज्ञ एमिल ब्रुम्प्ट यांनी चागास या दुसऱ्या परजीवी रोगासाठी रक्तपिपासू ढेकूण वापरून ती मांडली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, परजीवी नसलेल्या कीटकाला जनावराचं रक्त पिऊ द्यायचं आणि त्याच्या आतड्यात परजीवी वाढतोय का ते बघायचं.

सगळ्यात मोठी चूक घाईची. नवी पोरं दुसऱ्याच दिवशी माशी फाडतात. तेव्हा पोट रक्तानं भरलेलं असतं, काही धड दिसत नाही. रक्त पचून बाहेर पडू दे, 4-5 दिवस थांब. मग सलाईनच्या थेंबात आतडं अलगद सोडव आणि सूक्ष्मदर्शकाखाली परजीवीची शेपटीवाली, वळवळणारी रूपं शोध. रक्त फक्त मादीच पिते, तेव्हा नर आधीच वेगळे कर.

माशा तोवर जगायला हव्यात ना! बेळगावच्या पावसाळ्यात ओलावा आयता मिळतो; मार्चमध्ये मात्र ओला कापूस आणि साखरपाण्याचा बोळा रोज बघ.

काही सापडलं नाही म्हणून हॅमस्टर निरोगी असं लिहू नकोस. परजीवी कमी असले की माशीला मिळतही नाहीत. निरोगी हॅमस्टरवर सोडलेल्या माशाही तुलनेला हव्यातच.

आचारसमितीची परवानगी आणि जनावराला भूल, यात सूट नाही. पिंजऱ्याची जाळी बारीक घे. साध्या मच्छरदाणीतून वाळूमाशी सहज निसटते.