लेकीला ‘या’ विषयात संशोधन करायचंय

एका आईचं पत्र आलंय (नाव-गाव त्यांच्या इच्छेनुसार गाळलंय). मुलगी टी.वाय.बी.ए.ला, विषय मानसशास्त्र. एलजीबीटी लोकांची सुरक्षितता आणि मानसिक आरोग्य यावर पुढे संशोधन करायचं म्हणते. आईचा प्रश्न : यात पोट भरेल का, आणि लोक काय म्हणतील?

ताई, आधी पोटाचं. ‘एलजीबीटी संशोधक हवा’ अशी जाहिरात क्वचितच दिसेल. ‘प्रकल्प सहायक’, ‘संशोधन सहयोगी’ अशा जागा असतात. बऱ्याचशा कंत्राटी, पगार बेताचा. पण सार्वजनिक आरोग्य किंवा समाजकार्याची पदवी हाताशी असली, की याच कामाचा अनुभव इतरत्रही चालतो. समाजकार्यासाठी देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था पाहा, प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेतून. आकड्यांची आवड असेल तर तिथूनच जवळ आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे.

आकड्यांवर मी उगाच अडून बसत नाही. २०११च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांपलीकडचा ‘इतर’ रकाना होता, त्यात साधारण ४ लाख ८८ हजार नोंदी झाल्या. गे, लेस्बियन यांच्यासाठी तर रकानाच नव्हता. मग यादीतच नसलेल्या माणसांतून नमुना निवडायचा कसा? एक रीत अशी : प्रत्येक सहभागीला मोजकीच कुपनं द्यायची, त्याने ओळखीतल्यांना आणायचं, कुणी कुणाला आणलं ते नोंदवायचं आणि शेवटी त्यावरून भारांक, म्हणजे कुणाच्या उत्तराला किती वजन द्यायचं ते, काढायचे. इथे कच्चं संख्याशास्त्र उघडं पडतं.

दुसरी कसोटी गुप्ततेची. मुलाखतीआधी विचारावं लागतं, ‘फोन घरच्यांनी उचलला तर मी कोण म्हणून सांगू?’ हे न विचारता केलेला एक फोन एखाद्याला घराबाहेर काढू शकतो. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४पासून या समाजात काम करतो. अशा ठिकाणी सुट्टीत काम मिळतं का, तिने विचारून पाहावं.

लोकांचं म्हणाल, तर ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळलं. लोक बोलायचे ते बोलतीलच.

पत्रातली शेवटची ओळ तुम्ही खोडलीत, तरी वाचता येते : ‘ती स्वतः तशी नसेल ना?’ विषयाच्या निवडीवरून ते कळत नाही, आणि मी तर्क करणार नाही. सांगावंसं वाटलं तर ती तुम्हालाच सांगेल. फक्त ‘उपचाराने लैंगिक कल बदलतो’ म्हणणारा कुणी भेटला तर पायरी चढू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये डॉक्टरांच्या बाबतीत हे गैरवर्तन ठरवलंय.

आणि हो, तिचे संख्याशास्त्राचे गुण कळवा.