ऑडी म्हणजे ‘ऐक!’

प्रश्न असा आला आहे: ‘ऑडी हे नाव ऑटो युनियन डॉइचलँड इंगोलश्टाट या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलं, हे खरं का? मराठीत ऑडी लिहावं की आउडी? आणि इतर जर्मन गाड्यांची नावं, त्यांची बोधचिन्हं कुठून आली?’

नाही, खरं नाही. गेली कित्येक वर्षं ही आद्याक्षरांची कथा माझ्या कानावर पडते आहे. सांगणारा ती इतक्या खात्रीने सांगतो, की ऐकणाऱ्याला शंका घ्यायचा संकोच वाटावा. ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ असं सांगणारी हीच मंडळी. कुठलाही शब्द दिसला की त्याची अक्षरं सुटी करायची आणि प्रत्येकापुढे एकेक शब्द ठेवायचा, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. इथे तर साधे सन पाहिले तरी पुरे. ऑडी हे नाव 1910 चं. ऑटो युनियन ही कंपनी 1932 ची. तिचा इंगोलश्टाटशी संबंध आला तो युद्धानंतर, आणि 1949 मध्ये ती तिथे नव्याने उभी राहिली, कारण तिचं मूळ घर असलेला सॅक्सनी प्रांत सोव्हिएत ताब्यात गेला होता. 1910 सालच्या माणसांनी 1949 सालचा पत्ता नावात कसा घातला असेल?

खरी हकिगत अशी. आउगुस्ट होर्श नावाचे एक इंजिनिअर होते. (आडनावाचा शेवटचा वर्ण आपल्या ‘श’च्या जवळचा आहे. ‘हॉर्च’ म्हणू नये.) मानहाइमला कार्ल बेंझ यांच्या कारखान्यात काम केल्यावर त्यांनी 1899 मध्ये कोलोनला स्वतःच्या नावाची कंपनी काढली. पुढे ती सॅक्सनीतल्या त्स्विकाउ गावी गेली. 1909 मध्ये संचालकांशी बिनसलं, होर्श बाहेर पडले आणि त्याच गावात त्यांनी दुसरी कंपनी काढली, तीही स्वतःच्याच नावाची. जुन्या कंपनीने दावा लावला आणि जिंकला. स्वतःचं आडनाव स्वतःच्या कारखान्यावर लावायची होर्श यांना बंदी झाली.

नवं नाव ठरवायला सगळे फ्रांत्स फिकेंटशर या भागीदाराच्या घरी जमले. खोलीच्या कोपऱ्यात त्यांचा मुलगा हाइनरिश लॅटिनचा अभ्यास करत बसला होता. तो मध्येच म्हणाला, होर्शऐवजी ‘औदी’ म्हटलं तर? जर्मनमध्ये ‘होर्श’ हे आडनाव असलं तरी ते ‘होर्शन’ या क्रियापदाचं आज्ञार्थी रूपही आहे: ऐक, कान दे. लॅटिनमध्ये ‘औदीरे’ म्हणजे ऐकणे, त्याचं आज्ञार्थी एकवचन ‘औदी’. आडनाव गेलं, अर्थ राहिला. 1910 च्या एप्रिलमध्ये कंपनीचं नाव बदललं.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण तिच्यातली खरी मेख कुणी सांगत नाही. होर्श यांच्या आठवणींनुसार त्या मुलाने बोलायला सुरुवात केली ती ‘औदिआतुर एत आल्तेरा पार्स’ या वचनाने. ‘दुसरी बाजूही ऐकली जावी’ हे न्यायशास्त्रातलं प्रसिद्ध तत्त्व, आपल्याकडच्या वकिलांनाही ‘ऑडी आल्टेरम पार्टेम’ म्हणून पाठ असलेलं. आता माझं म्हणणं ऐका. ‘होर्शन’ म्हणजे नुसतं ऐकणं नव्हे. त्यात कान देणं आहे, कानोसा घेणं आहे. लॅटिनमध्ये त्याला नेमका शब्द ‘आउस्कुल्तारे’. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात त्याला ऑस्कल्टेशन म्हणतात, तो याच शब्दापासून. मुलगा जर शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करत असता, तर तो ‘आउस्कुल्ता’पाशी पोचला असता. तो ‘औदी’पाशी पोचला, कारण त्याच्या डोक्यात ते न्यायालयाचं वचन घोळत होतं. घरात दाव्याचीच चर्चा चालली असणार, आणि आपल्या बाजूला न्याय मिळाला नाही ही खंतही. म्हणून माझं ठाम मत आहे, की ऑडी या नावात नुसतं ‘ऐक’ नाही, ‘आमचंही ऐक’ आहे. ते हरलेल्या पक्षकाराचं नाव आहे. मोटारींवर लिहिणारे याला ‘एका शाळकरी पोराची गंमत’ म्हणून सोडून देतात, हे मला मुळीच मान्य नाही.

आता त्या शब्दाच्या मुळाकडे. लॅटिन ‘औदीरे’चं नातं काही जुने कोशकार ‘औरिस’ म्हणजे कान या शब्दाशी जोडत. दिसायला सोपं, पण ध्वनिनियमांत नीट न बसणारं. आजचे भाषाशास्त्रज्ञ जी फोड देतात ती कितीतरी सरस आहे: ‘अविस्’ म्हणजे उघड, स्पष्ट, जाणवेल असं, आणि त्याला ‘धा’ म्हणजे ठेवणे, करणे हा धातू. म्हणजे ऐकणं हे मुळात ‘उघड करून घेणं’. आणि हा ‘अविस्’ आपल्या घरात आहे! संस्कृत ‘आविस्’. आविष्कार, आविर्भाव. आपण ‘कलाविष्कार’ म्हणतो तेव्हा तोंडात जो तुकडा असतो, त्याचाच भाऊ त्या चार वर्तुळांच्या गाडीवर लिहिलेला असतो. ग्रीकमध्ये याच मुळापासून ‘जाणवणे’ या अर्थाचं क्रियापद झालं आणि त्यातून अ‍ॅनेस्थेशिया आला, म्हणजे काही न जाणवणं. आविष्कार, ऑडी आणि शस्त्रक्रियेच्या आधी दिली जाणारी भूल, तिघांचं कूळ एक.

हे वाचून ‘म्हणजे ऑडी संस्कृतवरूनच आला’ असं कुणी पुढे सांगत सुटेल, म्हणून आधीच बजावतो: नाही. लॅटिन ही संस्कृतची मुलगी नव्हे. दोघी बहिणी आहेत आणि त्यांची आई दोघींहून जुनी. बहिणीला आई म्हटल्याने संस्कृतचा मान वाढत नाही, आपलं अज्ञान तेवढं उघडं पडतं.

आणि याच सुमारास शेजारच्या थुरिंजियात आणखी एक लॅटिन क्रियापद रस्त्यावर धावत होतं! आयझेनाखच्या कारखान्याने 1904 मध्ये आपल्या गाड्यांना ‘डिक्सी’ नाव दिलं. ‘दीक्सी’ म्हणजे ‘मी बोललो’, ‘माझं सांगून झालं’. भाषणाच्या अखेरीस रोमन वक्ते हा शब्द वापरत. एकीकडे ‘मी बोललो’, दुसरीकडे ‘तू ऐक’. मला तर वाटतं, त्स्विकाउच्या त्या खोलीत बसलेल्या मोटारवाल्यांना लॅटिन क्रियापद इतकं चटकन पटलं, त्यामागे डिक्सीचं उदाहरण असलंच पाहिजे. एका प्रतिस्पर्ध्याने सहा वर्षं आधी तसलंच नाव रूढ करून दाखवलं होतं. ‘दीक्सी’ ज्या ‘दीकेरे’चं रूप, त्याचा मूळ अर्थ दाखवणे. संस्कृत ‘दिश्’ तोच. दिशा, आदेश, उपदेश, निर्देश हे सगळे त्याचेच गोतावळे. हा आयझेनाखचा कारखाना 1928 मध्ये बीएमडब्ल्यूने विकत घेतला आणि बीएमडब्ल्यू मोटारधंद्यात आली ती अशी, डिक्सीच्या पाठीवर बसून.

चार वर्तुळांचं थोडक्यात सांगतो. 1932 मध्ये ऑडी, डीकेडब्ल्यू, होर्श आणि वांडरर या चार कंपन्या एकत्र येऊन ऑटो युनियन झाली. एकेका कंपनीचं एकेक वर्तुळ, एकमेकांत अडकलेलं. ऑलिंपिकचा यात काही संबंध नाही. डीकेडब्ल्यूची सुरुवात वाफेच्या गाडीपासून, ‘डाम्फक्राफ्टवागन’. ती गाडी चालली नाही, पण अक्षरं टिकली आणि पुढे त्यांनाच ‘डास क्लाइने वुंडर’, म्हणजे ‘छोटा चमत्कार’, असा नवा अर्थ दिला गेला. वांडरर म्हणजे भटक्या. पण एक गोष्ट पाहा. चार वर्तुळांतली दोन एकाच शब्दाची आहेत, एक जर्मनमध्ये आणि एक लॅटिनमध्ये. ज्या नावावरून दावा झाला, ते आणि त्याचं भाषांतर 1932 पासून शेजारी बसलेले आहेत.

बीएमडब्ल्यूच्या चिन्हात विमानाचा फिरता पंखा शोधणाऱ्यांना एकच सांगणं: निळा-पांढरा हे बव्हेरियाचे रंग आहेत. नावच ‘बायरिशे मोटोरेन वेर्के’, बव्हेरियाचे इंजिन कारखाने. चिन्हाची नोंदणी 1917 च्या ऑक्टोबरची. राज्याची मानचिन्हं व्यापारी चिन्हात वापरायला कायद्याने मनाई होती, म्हणून रंगांचा क्रम उलटा ठेवला. पंखा आला 1929 च्या एका जाहिरातीत, म्हणजे बारा वर्षांनी, कंपनी विमानांच्या इंजिनांचा गाजावाजा करत होती तेव्हा. पुढे कंपनीनेही हा समज खोडायची घाई केली नाही, हे तर मला जास्तच खटकतं.

मर्सिडीज ही बेंझ यांची मुलगी नव्हे, ज्यांच्या कंपनीने त्या नावाच्या गाड्या काढल्या त्या डायम्लर यांचीही नव्हे. बेंझ यांच्या मुलींची नावं क्लारा, टिल्डे आणि एलेन. मर्सिडीज ही एमिल येलिनेक यांची मुलगी, 1889 मध्ये व्हिएन्नात जन्मलेली. फ्रान्समधल्या नीसला राहणारे हे धनाढ्य व्यापारी डायम्लरच्या गाड्या विकत आणि शर्यतीत मुलीच्या नावाने उतरत. 1900 मध्ये त्यांनी एकदम 36 गाड्यांची मागणी नोंदवली आणि नव्या इंजिनाला मुलीचं नाव द्यायला लावलं. 1902 मध्ये नावाची नोंदणी झाली. दुसऱ्याच वर्षी येलिनेक यांनी ते स्वतःच्या आडनावालाही जोडलं. गोटलीब डायम्लर 1900 च्या मार्चमध्येच वारले. त्यांच्या कंपनीला जगभर नेणारं हे नाव त्यांनी गाडीवर कधी पाहिलंच नाही. शब्द स्पॅनिश आहे, कृपावंत मरियेच्या उपाधीतला: कृपा, अनेकवचनी. पण त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘मेर्केस’चा अर्थ मोबदला, मजुरी. त्याचं नातं ‘मेर्क्स’शी, म्हणजे विकायच्या मालाशी. मोबदल्याचा अर्थ ख्रिस्ती धर्मग्रंथांतून ‘देवाने दिलेलं फळ’ असा झाला आणि तिथून कृपा. फ्रेंच ‘मेर्सी’ तोच शब्द.

तीन टोकांचा तारा 1909 चा. डायम्लर यांनी पूर्वी घरच्यांना पाठवलेल्या एका चित्रपत्रावर आपलं राहतं घर ताऱ्याने दाखवलं होतं. ती आठवण मुलांनी जपली आणि त्यावरून चिन्ह झालं. टोकं जमीन, पाणी आणि आकाश यांची. आपल्याकडे 1954 पासून 1969 पर्यंत टाटांच्या मालट्रकवर हाच तारा होता.

पोर्शेचा घोडा ही फेरारीची नक्कल, हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. तो श्टुटगार्ट शहराच्या मानचिन्हातला घोडा आहे. 1952 च्या पोर्शे-चिन्हात तो मधोमध आहे. भोवतीची सांबरशिंगं आणि लाल-काळे पट्टे व्युर्टेम्बर्ग प्रांताचे. आणि श्टुटगार्ट म्हणजे ‘श्टुटेन-गार्टन’, घोड्यांची पागा. ‘श्टुटे’ आज घोडी या अर्थाने वापरतात, पण जुना अर्थ घोड्यांचा कळप, आणि त्याच्या मुळाशी ‘स्था’, उभं राहणं. मराठीत घोडा बांधून ठेवायच्या जागेला काय म्हणतात? ठाण! ‘ठाणबंद घोडा’ असा प्रयोगही आहे. ठाण हे ‘स्थान’वरून, म्हणजे त्याच ‘स्था’वरून. ‘गार्टन’ आपल्या ‘गृहा’चा नातेवाईक, कुंपणाने वेढलेली जागा. म्हणजे श्टुटगार्टचे दोन्ही तुकडे आपल्या नात्यातले, आणि घोड्याशी दोन्हीकडे गाठ. लोक त्या घोड्यात इटली शोधत बसतात आणि शहराचं नाव वाचत नाहीत!

उच्चारांचं सांगून टाकतो. आउडी लिहा. (वर मी प्रश्नातलं रूढ रूपच ठेवलं आहे.) ‘ऑ’ आपण ऑडिओ, ऑडिट यांच्या सवयीने घेतला. ते शब्द खरंच त्याच ‘औदीरे’चे आहेत, पण जर्मन माणूस ‘ऑ’ म्हणत नाही. पोर्शे दोन अक्षरी आहे, ‘पोर्श’ नव्हे. जर्मन ‘व्ही’चा उच्चार फ आणि ‘डब्ल्यू’चा व, म्हणून फोल्क्सवागन. अर्थ जनतेची गाडी, आणि त्यातला ‘वागन’ आपल्या ‘वाहना’चा सख्खा चुलत, दोघंही ‘वह्’चे. बीएमडब्ल्यू त्यांच्या तोंडी ‘बे-एम-वे’.

बेंझच्या शेवटी जर्मन माणूस झ म्हणत नाही, ‘त्स’ म्हणतो. ‘त्स’ कसा लिहावा याची चिंता हिंदीवाल्यांनी करावी. मराठीत हा वर्ण जन्मापासून आहे: चाकाचा च, चांदण्याचा च. मर्सिडीज-बेंझचा कारखाना पुण्याजवळ ज्या गावी आहे त्या चाकणचा पहिला वर्ण आणि बेंझचा शेवटचा वर्ण एकच आहे. मराठी माणसाने तो इंग्रजीकडून ‘झ’ करून घ्यायचं काहीही कारण नाही.