बीएस्सी बॉटनीनंतर जुन्या जंगलांच्या इतिहासावर काम करायचं असेल तर काय शिकावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुंबईत बीएस्सी बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहात, काही हजार वर्षांपूर्वी कोकणात कोणती झाडं होती यावर काम करायचंय, त्यासाठी काय शिकायचं आणि त्यावर पोट भरेल का.

पोटाचं नंतर. आधी काम कसं असतं ते समजून घ्या, कारण बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जंगलातली भटकंती असते. खरं तर थोडे दिवस चिखलात, काही आठवडे फ्यूमहूडपुढे (रसायनांच्या वाफा ओढून घेणारं कपाट) आणि उरलेले महिने मायक्रोस्कोपवर जातात. त्याचा कंटाळा येणार असेल तर आत्ताच दुसरा विषय निवडा.

जुनी झाडं गाळातल्या परागकणांवरून ओळखतात. गाळ साचतो तेव्हा आसपासचे परागकण त्यात अडकतात. कणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन या चिवट द्रव्याचं असतं; हवा लागली नाही तर ते हजारो वर्षं टिकतं. कोणत्या थरात कोणत्या झाडाचे किती टक्के कण, हा आलेख स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये मांडला. मूळ पद्धत आजही तीच आहे.

गाळ कुठून आणायचा? मुंबईकराला आधी विहार आणि तुळशी तलाव आठवतात. ते सोडा. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्ही बांध घालून केलेले. ब्रिटिश काळापासूनचे बदल हवे असतील तर ठीक, त्यामागे जाता येणार नाही. जुना गाळ खाडीत मिळतो. प्रिन्सेस डॉक खोदताना एकोणिसाव्या शतकात खैराची खोडं मुळांसकट जागेवर उभी सापडली होती, तेव्हा या किनाऱ्याखाली पाहण्यासारखं आहे हे नक्की. मात्र खाडीत उतरण्याआधी वनखात्याच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी लागते, आणि ठाणे खाडीचा बराच भाग फ्लेमिंगो अभयारण्यात येतो. या कागदपत्रांना वेळ लागतो, तो प्रकल्पाच्या वेळापत्रकात आधीच धरा.

मऊ चिखलासाठी रशियन कोअरर वापरतात, म्हणजे गाळाचा उभा तुकडा (कोअर) काढायचं हत्यार. एका वेळी साधारण ५० सेंमीचा अर्धगोल तुकडा निघतो. शेजारी-शेजारी दोन भोकं पाडून तुकडे एकमेकांवर थोडे चढतील असे घ्यायचे. वरची बाजू कोणती ते जागेवरच लिहा. चिखलाने माखलेल्या हातांनी ‘नंतर लिहू’ म्हटलं की कोअर उलटाच समजा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ४ अंशाला ठेवायचा. नमुना काढण्याआधी पृष्ठभाग आडवा खरवडा. उभा खरवडलात तर वरचे कण खालच्या थरात ओढले जातात.

प्रयोगशाळेत १ घनसेंमी गाळ पुरतो. सुरुवातीलाच त्यात लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी टाकतात. तिच्यातल्या बीजाणूंची संख्या माहीत असते, त्यावरून गाळात एकूण कण किती हे काढता येतं. मग १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड: गोळी विरघळते आणि शिंपल्यांचा चुना जातो. नंतर १० टक्के कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) गरम पाण्याच्या भांड्यात काही मिनिटं, काळपट ह्यूमिक द्रव्यं काढायला; जास्त वेळ ठेवलं तर पातळ कवचाचे कण खराब होतात. १५० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळायचं, मग वाळू विरघळवायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड (एचएफ), आणि शेवटी उरलेलं सेल्युलोज काढायला ॲसिटोलिसिस, म्हणजे ९ भाग ॲसेटिक अनहायड्राइड आणि १ भाग तीव्र सल्फ्युरिक.

हा क्रम बदलायचा नाही. चुना शिल्लक असताना एचएफ घातलं तर कॅल्शियम फ्लोराइडचा पांढरा साका बसतो आणि तो सहजासहजी जात नाही. ॲसिटोलिसिसआधी ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडने धुऊन पाणी काढलं नाही तर नळी उसळते. एचएफ काच खातं, म्हणून नळ्या पॉलिप्रॉपिलिनच्या. त्वचेवर पडलं तर अनेकदा सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल, किंवा खोलीत दुसरं कोणी नसेल, तर बाटली उघडू नका. कॉलेजच्या लॅबमध्ये तर नकोच. तिथे सोडियम पॉलिटंगस्टेटचं साधारण २ घनतेचं द्रावण बरं: कण तरंगतात, वाळू बसते. महाग आहे, पण गाळून पुन्हा वापरता येतं.

मोजणी ४०० पटीवर, दर थराला निदान ३०० कण. खाडीच्या चिखलात कांदळ या खारफुटीच्या झाडाचे कण ढिगाने येतात आणि बाकी सगळं त्यात बुडतं, म्हणून खारफुटी वगळून ३०० भरेपर्यंत मोजा. तिवर ही दुसरी खारफुटी मात्र डोळ्यांसमोर भरपूर असूनही गाळात कमी दिसते.

खरी अडचण पुढे आहे. युरोपात वाऱ्यावर पराग सोडणारी झाडं पुष्कळ. आपल्याकडची बहुतेक कीटकांवर अवलंबून, त्यामुळे त्यांचा पराग कमी. दालचिनीच्या कुळातले कण तर टिकतच नाहीत. ऐन, किंजळ, अर्जुन ही कॉम्ब्रेटेसी कुळातली झाडं कणावरून वेगळी करणं अवघड. मेलास्टोमॅटेसी कुळाचे कणही त्यांच्यासारखेच, म्हणून दोन्ही कुळं अनेकदा एकत्र मोजतात. भात आणि रानगवत यांचे आकार एकमेकांत मिसळतात. तिथे पानातल्या आणि तुसातल्या फायटोलिथ्सचा, म्हणजे सिलिकाच्या सूक्ष्म कणांचा, आधार घ्यावा लागतो. आलेखात दालचिनीचं कूळ शून्य दिसलं म्हणजे जंगलात ती झाडं नव्हती, असा निष्कर्ष काढणारे प्रबंध परीक्षक परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे.

कालमापन एएमएस रेडिओकार्बनने, म्हणजे अगदी थोड्या नमुन्यातला किरणोत्सारी कार्बन ॲक्सलरेटरने मोजून. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सलरेटर सेंटरमध्ये ती सोय आहे. खारफुटीची मुळं वरून खोल जातात, म्हणून मुळाच्या तुकड्याचं वय थरापेक्षा कमी येतं. समुद्री शिंपल्याचं वय उलट जास्त येतं, त्याला दुरुस्ती लागते. पान किंवा बी मिळालं तर तेच पाठवा.

आत्ता काय कराल? झाडं ओळखायला शिका. रसायनं काही आठवड्यांत हातात बसतात, फ्लोराला, म्हणजे प्रदेशातल्या वनस्पती ओळखायला, वर्षं लागतात. सेंट झेवियर्समधलं ब्लाटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) तुमच्याच शहरात आहे. उमलायच्या बेतातल्या कळ्यांतले परागकोश घेऊन स्वतःच्या संदर्भ-स्लाइड्स बनवा आणि प्रत्येकीवर झाडाचं नाव, जागा, तारीख लिहा. स्लाइडवर कण ग्लिसरीन जेलीत बसवले तर ते फुगतात, त्यामुळे सिलिकॉन ऑइलमधल्या मापांशी त्यांची तुलना करू नका. एमएस्सीत भूविज्ञानाचा एखादा पेपर मिळत असेल तर सोडू नका. गाळाचे थर वाचता न येणं ही बॉटनीवाल्यांची नेहमीची लंगडी बाजू.

पुढे पीएचडीला लखनौची बीरबल साहनी इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिओसायन्सेस, पुण्याची आघारकर संशोधन संस्था, पुदुच्चेरीची फ्रेंच इन्स्टिट्यूट. उत्खननात मिळणाऱ्या जळक्या धान्याकडे ओढा असेल तर डेक्कन कॉलेज. नेट-जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. कायम जागा थोड्या, हे स्पष्ट सांगतो. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जिओलॉजिस्ट पदाला भूविज्ञानाचीच पदवी लागते, बॉटनीवर अर्ज करता येत नाही. पण कण ओळखणारी नजर इतरत्रही चालते: मध कोणत्या फुलांचा हे तपासायला, हवेतले ॲलर्जीकारक पराग मोजायला, कॉलेजात शिकवायला. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेत उन्हाळी प्रशिक्षण घेता येईल का, हे आत्ताच पत्र लिहून विचारा.