रिमोट जॉब आहे, वर्षभर परदेशात राहायचंय, कोणता व्हिसा घेऊ?

तुमचा प्रश्न असा की जॉब पूर्ण रिमोट आहे, पगार दुसऱ्याच देशातून येतो, मग टुरिस्ट व्हिसावर जाऊन लॅपटॉप उघडला तर काय बिघडतं. पकडले जाल की नाही ते सोडा, पण बऱ्याच देशांत त्या व्हिसावर काम करायची परवानगीच नसते. आणि शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाच्या भागात तर दर १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, म्हणजे वर्षाचा प्लॅन तिथेच संपला.

डिजिटल नोमॅड व्हिसा, म्हणजे परदेशात राहून दुसऱ्या देशातल्या कंपनीचं रिमोट काम करू देणारा व्हिसा, त्यासाठीच आहे. एस्टोनियाने २०२० मध्ये सुरू केला, मग एकेक देश येत गेले, पण प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. पोर्तुगालच्या अशा व्हिसासाठी (नाव डी८) तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई दाखवावी लागते, स्पेनला दुप्पट, त्यामुळे तिथलं किमान वेतन वाढलं की तुमचा आकडाही वाढतो, जुन्या व्हिडिओतला आकडा धरून बसू नका. स्पेनला कंपनीत निदान ३ महिने झालेले लागतात, नुकताच जॉब बदलला असेल तर थांबा. थायलंडचा डीटीव्ही नावाचा व्हिसा ५ वर्षांचा, एका वेळी १८० दिवस, तिथे मुख्य अट म्हणजे खात्यात ५ लाख बात (तिथलं चलन). जपानचा फक्त ६ महिन्यांचा, वाढवून मिळत नाही, आणि ठरावीक देशांच्या पासपोर्टलाच मिळतो, आधी ती यादी बघा.

पण देश ठरवायच्या आधी कंपनीचं पत्र मिळतंय का बघा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. माझा पहिला अर्ज त्यावरूनच परत आला. एचआरने लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट दिलं होतं, ‘कर्मचाऱ्यास घरून काम करण्याची मुभा आहे’, मी खुशीत जोडून टाकलं. आता घर म्हणजे कुठलं घर? अमुक देशात राहून काम करायला आमची हरकत नाही, असं देशाचं नाव घालून त्यात कुठेच नव्हतं. नवीन पत्र लीगलकडे गेलं, तिथून टॅक्सवाल्यांकडे, सहा आठवडे गेले, तोवर पोलीस क्लिअरन्सची मुदत संपली, ते परत काढा.

कंपन्या उगाच टाळाटाळ करत नाहीत बरं का, तुम्ही तिथे बसून काम केलंत तर कंपनीवरच तिथला टॅक्स लागू शकतो, सोशल सिक्युरिटीचे पैसे भरावे लागू शकतात. म्हणून मॅनेजरच्या तोंडी ‘हो’ वर तिकीट काढू नका.

तुमच्या स्वतःच्या टॅक्सचं वेगळंच. व्हिसा मिळाला म्हणजे टॅक्स माफ असं नसतं. क्रोएशिया या व्हिसावाल्यांच्या बाहेरून येणाऱ्या पगारावर इन्कम टॅक्स घेत नाही, पण सगळीकडे तसं नाही, बऱ्याच देशांत वर्षात १८३ दिवस भरले की तुम्ही तिथले टॅक्स रहिवासी. मी पैसे देऊन तासभर टॅक्स सल्लागाराशी बोललो तेव्हा कळलं की हे दिवस सलग असायची गरज नसते, मधे महिनाभर बाहेर जाऊन आलात तरी आधीचे दिवस पुसले जात नाहीत, आणि मी तर नेमका तोच हिशोब धरून बसलो होतो.