डीबग बंद केला, तरी चालूच!

प्रश्न : आमचं वेब ॲप्लिकेशन जँगोवर (पायथन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कवर) आहे. लॅपटॉप आणि सर्व्हर या दोन्हींसाठी सेटिंग्जची एकच फाइल वापरतो. डीबग (चुकांचा आतला तपशील पडद्यावर दाखवणारी सेटिंग) हिची किंमत आता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर, सिस्टिममध्ये ठेवलेल्या किमतीतून) बूल (खरं की खोटं ते सांगणारं फंक्शन) लावून घेतो. सर्व्हरवर ती ‘फॉल्स’ ठेवली आहे, तरी चुकीचा पत्ता टाकला की आतल्या सगळ्या यूआरएलची यादी दिसते. असं का?

उत्तर : एन्व्हायर्नमेंटमधून येतं ते सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतं आणि पायथनच्या लेखी रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरीच. म्हणून ‘फॉल्स’ या शब्दाला बूल लावलं की उत्तर ट्रू येतं. त्याऐवजी किंमत लहान (लोअरकेस) अक्षरांत करून ‘ट्रू’शी ताडून पाहा; जुळली तरच डीबग चालू. मग व्हेरिएबल द्यायचं राहून गेलं, तरी डीबग बंदच राहतो.

सीक्रेट की (जँगोची गुप्त किल्ली) आणि डेटाबेसचा पासवर्ड यांना मात्र डिफॉल्ट (काही दिलं नाही तर धरायची किंमत) देऊच नका. एन्व्हायर्नमेंटमधून ते चौकटी कंसाने वाचा, गेटने नको. व्हेरिएबल नसेल तर गेट मुकाट्याने नन (‘काही नाही’) देतं आणि चूक भलतीकडेच उगवते. कंसाने वाचलं की ॲप सुरू होतानाच की-एरर येतो. येऊ द्या, तेच बरं.

सेटिंग्जच्या फाइली वेगळ्या करायच्या तर बेस (समाईक), डेव्ह (लॅपटॉपसाठी), प्रॉड (सर्व्हरसाठी) अशा तीन पुरेत. इथे एक खाच आहे : कुठली फाइल घ्यायची याचं डिफॉल्ट मॅनेज (कमांड चालवणारी फाइल) आणि डब्ल्यूएसजीआय (सर्व्हरला ॲपशी जोडणारी फाइल) अशा वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेलं असतं. एकात डेव्ह, दुसऱ्यात प्रॉड राहिलं, तर मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) एका डेटाबेसवर होतं आणि साइट चालते दुसऱ्यावर. तसंच, एसएसएचने (दुरून) सर्व्हरवर शिरून एक्सपोर्ट केलेलं व्हेरिएबल सिस्टिमडीच्या (लिनक्सवर प्रोग्राम सुरू ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिसला दिसत नाही. ते तिच्या एन्व्हायर्नमेंट-फाइलमध्ये घाला आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

डीबग खरोखर बंद झाल्यावर दोन गोष्टी अडतील. अलाउड होस्ट्स (ॲप कुठल्या डोमेनवर चालेल त्यांची यादी) रिकामं असेल तर प्रत्येक विनंतीला 400 (‘विनंती चुकीची’) ही एरर येईल; तिथे डोमेन लिहा. स्टॅटिक फाइली (सीएसएस, चित्रं वगैरे) जँगो स्वतःहून देणार नाही. कलेक्टस्टॅटिक ही कमांड चालवून त्या एका फोल्डरमध्ये गोळा करा आणि ते फोल्डर एनजिनएक्स या वेब सर्व्हरकडे सोपवा.

प्रश्न : डॉट-ईएनव्ही फाइल (पासवर्ड वगैरे व्हेरिएबल ठेवलेली) चुकून गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) गेली होती. आता काढून टाकली. एवढं पुरे का?

उत्तर : नाही. ती जुन्या कमिटमध्ये (गिटने जपलेल्या आधीच्या नोंदीत) तशीच आहे. आधी पासवर्ड आणि सीक्रेट की बदला, मग ती फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) घाला. की बदलली की सगळे वापरकर्ते लॉगआउट होतील, तेव्हा वर्दळ कमी असलेली वेळ निवडा. पण त्यासाठी आठवडाभर थांबू नका.